खिडकीतल्या कुंडीतून भिंतीवर : वेली मिनिएचर गुलाबाची वंशकथा

१/८
'जीन लाजोई' ही गुलाबाची वेल सात-आठ फूट उंचीची जाळी झाकून टाकते; तिचे फूल मात्र जेमतेम इंचभर. या वेलीचा एक पूर्वज स्वित्झर्लंडमधल्या खेड्यात, खिडकीतल्या कुंडीत, वीतभर उंचीने जगत होता. तो वाचला म्हणून पुढचा वंश वाढला.

२/८
या बुटक्या गुलाबाचे मूळ चीनमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात पोहोचला, कुंडीतली शोभा म्हणून काही काळ मिरवला. पुढे मोठ्या फुलांच्या संकरित जातींचे वेड वाढले आणि तो बागांतून दिसेनासा झाला.

३/८
पहिल्या महायुद्धाच्या काळात रूले नावाच्या स्विस सैन्याधिकाऱ्याला ज्यूरा पर्वतातल्या मोबोर्जे गावी तो खिडक्यांत आढळला. त्याने ही वार्ता जिनिव्हाचे उद्यानतज्ज्ञ आँरी कोर्व्हाँ यांना दिली. कोर्व्हाँ यांच्या हकिगतीप्रमाणे, शोध सुरू झाला तोवर गाव आगीत भस्मसात झाले होते. शेजारच्या ओनाँ गावात मात्र एक रोप शिल्लक होते. त्याच्या छाटकलमांपासून 'रोझा रूलेती' पुन्हा जगापुढे आला.

४/८
हॉलंडमधील बोस्कोप येथील यान डी विंक यांनी रूलेतीचा संकर घडवला. त्यातून निपजलेला तांबडा बुटका गुलाब १९३६ मध्ये अमेरिकेत 'टॉम थंब' या नावाने विक्रीस आला.

५/८
कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया येथे राल्फ मूर यांनी १९३७ मध्ये सिक्वोया नर्सरी काढली. टॉम थंबच्या संकरातून त्यांना १९४० मध्ये 'झी' मिळाली : बुटक्या गुलाबाची चक्क वर चढणारी संतती! मूर यांनी तिचा उपयोग पुढच्या संकरांसाठी केला. तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. तिचे वंशज मात्र घरोघरी पोहोचले.

६/८
एडवर्ड सिमा यांची गुलाबी 'जीन लाजोई' १९७५ ची. तिच्या पितृकुळात डी विंक यांचा 'मिजेट' आहे आणि मिजेटच्या मागे टॉम थंब. म्हणजे वंशाचा धागा पुन्हा त्या कुंडीपाशीच पोहोचतो.

७/८
या वेलीला रोज किमान सहा तास ऊन हवे. पाणी मुळाशी द्यावे. पाने ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. पहिली दोन वर्षे केवळ वाळलेल्या काड्या काढाव्यात. लांब फांद्या सरळ उभ्या न बांधता आडव्या वळवून बांधाव्यात. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो; ती आडवी झाली की डोळे जागे होतात, बगलफूट येते आणि वेल बुंध्यापासून फुलते.

८/८
बीजापासून उगवलेला गुलाब आईसारखा निघेलच असे नाही. जात जशीच्या तशी टिकते ती कलमानेच. मिनिएचर गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर वाढवतात. त्यामुळे वरचा भाग थंडीने मेला तरी खालून तीच जात फुटते. खुंटावर डोळा भरलेल्या गुलाबाला ही हमी नसते, तेथे खुंटच माजू शकतो. रूलेती कोणत्याही राजाश्रयाविना टिकला, तो रोज पाणी घालणाऱ्या हातांमुळे. त्या हातांची नावे इतिहासात नाहीत. छाटणीत निघालेली एखादी निरोगी काडी ओल्या मातीत खोचून शेजाऱ्याला देणे, हेही इतिहासाचे जतनच होय.