येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एक

आमच्या गल्लीत एक बोका आहे. आमच्या घरी त्याचं नाव भुऱ्या, शेजारच्या काकूंकडे वाघ्या, आणि नाक्यावरचा वडापाववाला त्याला शेठ म्हणतो. तीन नावं असूनही तो कुणाच्याच हाकेला येत नाही. रोज संध्याकाळी मागच्या कुंपणावर येऊन बसतो, आम्ही ताटलीत काही ठेवलं तर आम्ही घरात गेल्यावर खातो आणि निघून जातो. तीन वर्षांत त्याने कुणाला हात लावू दिलेला नाही.

मोहोपाड्यात अशी अर्धी गावातली, अर्धी रानातली मांजरं बरीच दिसतात. त्यामागे रसायनीचा इतिहासही थोडा असावा, असं मला वाटतं. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या आसऱ्याने इथे वसाहत उभी राहिली, बाजार वाढला, घरं वाढली. 2017 मध्ये केंद्र सरकारने इथले बहुतेक प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. रॉकेटच्या इंधनासोबत लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. अनेक कुटुंबांनी सामान बांधलं. टेम्पोत कपाट जातं, फ्रिज जातो, तुळशीची कुंडीही जाते. दारात येणारं मांजर मात्र मागे राहतं. त्याची पिल्लं मग माणसाच्या हाताशिवाय वाढतात. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताळणीत आलं नाही, तर पुढे ते माणसाला सहसा शत्रूच समजतं. भुऱ्या अशाच एखाद्या मांजरीच्या पोटचा असणार.

गेल्या जुलैत तो चार दिवस दिसला नाही. पाचव्या दिवशी आला तो कुंपणावर न चढता खालीच बसला. मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी सूज, तिच्यावरचे केस चिकटलेले, आणि वाऱ्यासोबत येणारा कुजका वास. ताटलीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, तापाची गोळी कुटून दुधातून द्या. दुसरा म्हणाला, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होतं ते जंतुनाशक ओता. तिसऱ्याने गुरांच्या जखमेतल्या अळ्यांवर टाकतात ते टर्पेंटाइन सुचवलं. सगळे मनापासून बोलत होते, आणि तिन्ही उपाय मांजराचा जीव घेऊ शकतात. माणसाचं यकृत ज्या पद्धतीने अशा औषधांचा निचरा करतं, ती यंत्रणा मांजराच्या यकृतात फार कमजोर असते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारून टाकते. आणि अंगावर ओतलेलं काहीही ते चाटतंच, म्हणजे बाहेरून लावलेलं औषधही शेवटी पोटात जातं.

बोक्यांच्या भांडणात असं गळू होणं नेहमीचंच. दुसऱ्या बोक्याचा सुळा सुईसारखा आत जातो, जंतू खोलवर सोडतो आणि वरचं भोक दोन दिवसांत बुजतं. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत पू साठत राहतो. खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची होती. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि मग जखमेपेक्षा उपासच त्याला मारतो.

शेवटी अम्मीने जुनी गोधडी काढून दिली. भाजीवाल्याकडून दोन प्लास्टिकचे क्रेट आणले, एकावर एक पालथे घालून सुतळीने बांधायचं ठरलं. भुऱ्या तापाने सुस्त झाला होता, तरी गोधडी अंगावर पडताच त्याच्यात वाघ संचारला. माझ्या मनगटावर तीन रेघा उमटल्या, रक्त आलं, पण क्रेट बंद झाला. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने हात धुतला. रेबीजच्या बाबतीत हे धुणं म्हणजे अर्धा उपचार. ते झाल्यावर क्रेट रिक्षात घालून मी पनवेल गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, केस भादरले आणि गळू फोडलं. वाटीभर पू निघाला. जखम सलाइनने धुतली, पण टाके घातले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "वरून शिवलं तर आत पुन्हा साठेल. ही जखम तळातून वर भरत यायला हवी. तुम्ही फक्त तोंड उघडं ठेवा, रोज धुवा." मग माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाले, "आणि तुम्ही आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा."

तिथे जखमेभोवती सीरम आणि दंडात लशीचं पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढची 3, 7 आणि 28 व्या दिवशी. नर्सताईंनी विचारलं, "मांजर कुठंय?" घरी आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "दहा दिवस नजरेआड होऊ देऊ नका. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावलं-ओरबाडलं तेव्हा त्याला रेबीज नव्हता असं समजायचं."

म्हणजे आता त्याला कोंडणं भाग होतं. मागच्या पडवीतली सरपणाची खोली रिकामी केली. भर पावसात कोरडी वाळू मिळेना, म्हणून गिरणीतून भाताचा तूस आणून एका घमेल्यात भरला. एक खोका आडवा ठेवला, त्यात गोधडी. भुऱ्या त्या खोक्यात शिरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पहिली रात्र तो ओरडला. मांजराचं रडणं लहान मुलासारखं असतं म्हणतात, पण हा आवाज तसा नव्हता. खोल, एकसुरी, थोड्या थोड्या वेळाने येणारा. मला झोप लागेना, कारण डोक्यात एक हदीस घोळत होती. इब्ने उमर आणि अबू हुरैरा या दोन्ही सहाबींकडून ती आलेली आहे: एका बाईला एका मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजरीला बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला सोडलंही नाही. लहानपणी मदरशात ऐकताना यातून मी एवढंच घेतलं होतं, की मांजराला मारायचं नाही. त्या रात्री दाराच्या या बाजूला बसून ती नीट कळली. गुन्हा मारण्याचा नव्हता. जो जीव स्वतःचं पोट स्वतः भरू शकतो, त्याला अडवायचं आणि त्याचं पोट भरायची जबाबदारीही घ्यायची नाही, हा गुन्हा होता. कोंडलंस तर खाऊ घाल, नाहीतर सोड. मधली वाट नाही.

आणि भुऱ्या खात नव्हता.

जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात ताजी समुद्राची मासळी नाही. सुकटात मीठ फार. चिकनची कलेजी आणली, मीठ-लसूण-कांदा काही न घालता उकडली. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. थंड कलेजी त्याने हुंगलीही नाही. अम्मी म्हणाली, "कोमट करून दे. आजाऱ्याला वास आला तरच भूक लागते." मांजराचं तर सगळं खाणं वासावर चालतं. कलेजी कोमट करून, बारीक ठेचून, बशी खोक्यापाशी सरकवली आणि दार लावून घेतलं. पहाटे फजरला उठलो तेव्हा बशी चाटूनपुसून साफ होती. त्या दिवशीची नमाज मी जरा जास्त मनापासून पढलो.

मग रोजचा क्रम ठरला. औषधाची पूड पहिल्या घासात, कारण भूक असते तेव्हा चव चालून जाते. मग गोधडीत गुंडाळून जखम धुणं. एक जण धरणार, एक जण सलाइन सोडणार. यासाठी एक जुना सदरा वेगळा ठेवला होता. पू आणि रक्त नापाक, त्या कपड्यात नमाज होत नाही. मांजर स्वतः मात्र नापाक नाही. शेजारचे एक चाचा, मूळचे उत्तर प्रदेशातले आणि हनफी, एकदा म्हणाले, "मियाँ, बिल्लीचं उष्टं पाणी आमच्याकडे मकरूह मानतात." आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्याकडे ते पाणी पाकच. पण दोघेही ज्या हदीसवरून बोलत होतो ती एकच. अबू कतादा वुजूला बसले होते, त्यांची सून कब्शा पाणी आणते, तेवढ्यात मांजर येतं. अबू कतादा भांडं कलतं करतात, म्हणजे मांजराला नीट पिता यावं. सून बघत राहते. तेव्हा ते पैगंबरांचं म्हणणं सांगतात, की मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती फिरणाऱ्यांपैकी आहे.

यातला अरबी शब्द 'तव्वाफीन'. काबागृहाभोवती घालतात तो तवाफ, त्याच धातूचा. कुरआनच्या सूरे नूरमध्ये घरात सतत ये-जा करणाऱ्या घरच्याच माणसांसाठी हाच शब्द येतो. पैगंबरांनी झोपलेल्या मांजरीसाठी अंगरख्याची बाही कापली, ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण हदीसच्या मान्य संग्रहांत ती नाही. मला ही कलत्या भांड्याची गोष्ट जास्त आवडते. यात कुणी मांजराला मांडीवर घेत नाही, कुणी त्याचा मालकही होत नाही. ते आपलं आपण येतं, तहान भागवतं, जातं. माणसाने फक्त भांडं थोडं कलतं करायचं.

आठव्या दिवशी काकू कुंपणापाशी आल्या. त्यांच्या गावठी कोंबडीची दोन पिल्लं उन्हाळ्यात वाघ्याने नेली होती. "बरा करतोयस ते चांगलंय रे," त्या म्हणाल्या, "पण बरा झाला की माझ्याच खुराड्यात येणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिल्लं नेताना मीही पाहिलं होतं. मी आणि माझ्या मुलीने मिळून त्यांच्या खुराड्याला बारीक जाळी मारून दिली. काकूंनी दुसऱ्या दिवशी वाटीभर उकडलेलं चिकन पाठवलं, मीठ न घालता. "अम्मीला विचारून केलंय," म्हणाल्या.

जखम खरंच तळातून भरत आली. आधी ओली गुलाबी, मग कडा आत सरकल्या, बाराव्या दिवशी नखाएवढी राहिली. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी पुढचा प्रश्न काढला: नसबंदी करायची का? बोका खच्ची केला की हद्दीची आणि माद्यांवरची भांडणं पुष्कळ कमी होतात, चाव्यातून पसरणारे विषाणूही थांबतात, आणि दर पावसाळ्यात गटाराकाठी मरणारी पिल्लं कमी होतात.

हा प्रश्न मला जखमेपेक्षा जड गेला. आमच्या मझहबच्या जुन्या ग्रंथांत, ज्याचं मांस खात नाहीत अशा जनावराला खच्ची करणं मना आहे. हनफींकडे फायदा असेल तर मुभा आहे, आणि आजचे अनेक आलिम नुकसान टाळण्यासाठी परवानगी देतात. मशिदीतल्या मौलानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "न केल्याने त्रास कुणाला होतो?" मी यादी सांगितली: त्याला, दुसऱ्या बोक्यांना, पिल्लांना. ते म्हणाले, "मग त्रास दूर करण्याच्या नियतीने करा." मी होकार दिला. तरी मनात एक खडा राहिलाच, आणि तो राहावा असंच मला वाटतं. जखम धुणं म्हणजे त्याचं जे होतं ते त्याला परत देणं. हे मात्र त्याच्याकडून काही काढून घेणं होतं, तेही त्याला न विचारता, कारण विचारायची सोयच नाही. जो आपला नाही त्याच्या आयुष्याचा निर्णय घेताना हात जरा अडखळायलाच हवा.

गुंगीत असतानाच त्याला रेबीजची लस दिली आणि नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलं.

सोळाव्या दिवशी पाऊस उघडला. सकाळी पडवीचं दार उघडं ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. मुलीला वाटत होतं तो थांबेल, निदान मागे वळून बघेल. भुऱ्या उंबऱ्यावर आला, हवा हुंगली आणि कुंपणावरून पलीकडच्या गवतात गेला. मुलगी हिरमुसली. अम्मी तिला म्हणाली, "अगं, तो पाहुणा नव्हता, पेशंट होता. पेशंट घरी गेला की आनंद मानायचा."

आठवडाभर दिसला नाही. मग एका संध्याकाळी कुंपणावर बसलेला दिसला, मान ताठ, जखमेच्या जागी करडे केस उगवत होते. आम्ही आत गेल्यावर खाली उतरला. अजूनही हात लावू देत नाही. काकूंची पिल्लं जाळीत सुखरूप आहेत, पण जाळीबाहेर राहिलेल्या पिल्लाची हमी मी देत नाही.

28 व्या दिवशी मी शेवटचं इंजेक्शन घ्यायला गेलो. त्याच नर्सताई होत्या. कार्डावर तारीख घालता घालता त्यांनी विचारलं, "मांजर कसंय?"

"फिरतंय," मी म्हणालो.