नांगर ठेवण्याची जागा

वस्तू नीट ठेवणे ही माझी जन्माची खोड आहे. बँकेत ३५ वर्षे काढल्यावर माणसाला दुसरी कुठली खोड लागणार? आमच्या घरी सुतळीचा तुकडादेखील गुंडाळी होऊन, गाठ बसून, डब्यात जातो आणि डब्यावर चिठ्ठी चिकटते. हे सारे मी मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगू लागलो, की आमची सौ. चहाचे कप ठेवता ठेवता म्हणते, "ह्यांनी ठेवलेली वस्तू सापडते हो, पण लागते तेव्हा नाही!"

पाहुणे हसतात. मीही हसत असे. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून त्या वाक्याला मला हसू येत नाही. तीच हकीगत सांगावयाची आहे.

आमचे मूळ गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, दाभोळपासून थोडे आत. चिरंजीवांना लहानपणापासून पाण्याचे वेड. नोकरीत जरा हातपाय पसरल्यावर त्याने एक जुनी फायबरची होडी घेतली. लांबी १७ फूट, मागे ४० अश्वशक्तीचे इंजिन. सुकाणू अर्थातच त्याच्या हाती. सूनबाईंकडे सर्वांना तरंगती जाकिटे घालावयाचे काम. सौ.कडे फराळाचा डबा. मी मोकळाच राहिलेला पाहून तो म्हणाला, "बाबा, नांगराचं तुम्ही बघा."

मला काम मिळाले म्हणजे मी ते मनापासून करतो. नांगर ६ किलोंचा, दोन चपट्या फाळांचा. त्याला ५ मीटर साखळी आणि साखळीला ५० मीटर नायलॉनचा दोर. मी नांगर धुतला, पुसला, गोणपाटात गुंडाळला. दोराची अशी सुबक लच्छी केली, की सौ.च्या लोकरीच्या गुंड्यांनी लाजावे. मग तिला सुतळीने चार ठिकाणी बांधून प्रत्येक ठिकाणी दुहेरी गाठ मारली आणि हे बाळंतपणाचे गाठोडे होडीच्या पुढल्या कप्प्यात अगदी तळाशी ठेवून दिले. त्यावर चटई, चटईवर छत्र्या, छत्र्यांवर नातवाचा चेंडू. कप्पा कसा गच्च आणि नेटका दिसत होता! नांगर रोज थोडाच लागतो, असे मी मनाशी म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सारे पाण्यातून गोपाळगड पाहावयास निघालो. हा गड खाडीच्या मुखाशी, अंजनवेलच्या डोंगरावर आहे. दिवाळीची अमावास्या होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती दुपारी दोनच्या सुमारास संपली होती आणि आम्ही परत फिरलो तेव्हा चार वाजले होते. ओहोटी ऐन भरात होती. साऱ्या खाडीचे पाणी समुद्राकडे धावत होते, आणि वारा समुद्राकडून येत असल्यामुळे मुखाशी पांढऱ्या लाटा उभ्या राहून फुटत होत्या. त्या दुरून पाहावयास फार सुंदर वाटल्या. सूनबाईंनी फोटोही घेतला.

इतक्यात इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झाले. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तुकडा पाण्यात तरंगत होता, तो पंख्याला गुंडाळला गेला होता. क्षणभर कुणाच्याच काही लक्षात आले नाही. मग मला दिसले, की किनाऱ्यावरची माडाची झाडे मघाच्या उलट दिशेने सरकत आहेत. होडी पाठीमागे, त्या सुंदर लाटांकडे चालली होती.

"बाबा, नांगर टाका!" चिरंजीव ओरडला.

पुढले मला सांगवत नाही, पण सांगितले पाहिजे. मी कप्पा उघडला. चेंडू, छत्र्या, चटई बाहेर फेकल्या. गाठोडे ओढले, तर ते छत्रीच्या दांड्यात अडकलेले. ते सोडवले, तो माझ्या त्या दुहेरी गाठी! ओल्या सुतळीच्या गाठी घाबऱ्या बोटांना सुटत नाहीत. नातू रडू लागला. मी दातांनी गाठ ओढू लागलो. तेवढ्यात सौ.ने फराळाच्या पिशवीतून पपई कापावयाची सुरी काढली, काही न बोलता मला बाजूस सारले आणि चारही सुतळ्या कापून टाकल्या.

मी नांगर उचलून पाण्यात टाकला. साखळी खडखडत गेली. दोर सुटू लागला, वेटोळ्यावर वेटोळे, आणि तो भराभरा संपत आला. त्या वेळी चिरंजीवाने जे पाहिले ते मी पाहिले नव्हते. दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेलेच नव्हते. त्याने झेप घेतली, शेवटचे दोन हात दोर मुठीत धरला आणि पाय फळीला टेकवून तसाच बसला. सूनबाईंनी टोक पुढल्या खुंटीला गुंडाळले. दोर ताठ झाला. होडीचे तोंड प्रवाहाकडे वळले, आणि माडाची झाडे जागच्या जागी उभी राहिली.

फुटणाऱ्या लाटा फार तर शंभर पावलांवर होत्या.

नांगर होडीला घरी नेत नाही, तो फक्त वेळ देतो. त्या वेळात चिरंजीवाने इंजिन वर उचलले, त्याच सुरीने जाळे कापले, आणि अर्ध्या तासाने आम्ही धक्क्याला लागलो. उतरताना त्याचा उजवा तळवा मी पाहिला. दोराने कातडी सोलून निघाली होती. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी मी एकटाच धक्क्यावर जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे तांडेल जाळे सांधत होते. त्यांना मी सारे सांगितले. ते हसले नाहीत. उठून होडीपाशी आले, दोर पाहिला, आणि म्हणाले, "भाऊ, नांगर आत ठेवायचा नसतो. बाहेर काढायसाठी ठेवायचा असतो."

त्या सायंकाळी आणि पुढल्या चार दिवसांत मी जे शिकलो ते थोडक्यात असे. आधी दोराचे मोकळे टोक होडीच्या पुढच्या भागातील मजबूत कडीला बांधावयाचे, हे पहिले. मग त्या टोकापासून दोर एका मोठ्या, तळाला भोके पाडलेल्या बादलीत सोडत जावयाचा. त्याची लच्छी करावयाची नाही, त्याला पीळ पडतो. तो जसा पडेल तसा पडू द्यावयाचा. मग तो ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट क्रमाने, न गुंतता, बाहेर येतो. दोरावर साखळी, साखळीवर नांगर. हेलकाव्यात तो उसळू नये म्हणून एकच पट्टा, एका ओढीत सुटेल असा. आणि त्यावर दुसरे काही म्हणजे काही नाही.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, कारण उन्हाने नायलॉन हळूहळू कुजते. साखळीच्या कडीची खीळ तारेने जखडावी, नाहीतर ती आपोआप फिरून सुटते. दोर नेहमी होडीच्या पुढल्या टोकालाच बांधावा. मागे बांधला, तर इंजिनाच्या वजनाने आधीच दबलेली बाजू प्रवाहात आणखी खाली ओढली जाते आणि पाणी आत येते. दोर सोडावयाचा तो खोलीच्या पाच ते सातपट. पाणी ३ मीटर, त्यावर होडीच्या टोकाची उंची १ मीटर, म्हणजे २८ मीटरपर्यंत दोर हवा. ओहोटीला नांगर टाकून रात्र काढावयाची असेल, तर चढणारे पाणीही हिशेबात धरावे. ओढ आडवी असली की फाळ तळात रुततो, सरळ वर ओढले की तो निघतो. टाकण्याचे आणि उचलण्याचे सारे मर्म एवढेच.

आपल्या भाषेत शेतातल्या आणि होडीतल्या अवजाराला एकच शब्द आहे, याची गंमत मला तेव्हा कळली. दोन्ही मातीत रुततात. १९३३ साली जी. आय. टेलर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने खरोखरच शेतातल्या नांगराच्या आकाराचा होडीचा नांगर तयार केला. ते वाचून मला या एका शब्दाची आणखीच गंमत वाटली! आमचा चपटा नांगर मात्र अमेरिकेतल्या डॅनफोर्थ यांच्या पद्धतीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तो आडवा ठेवता येतो, म्हणून लहान होडीला सोयीचा. मी त्या सोयीचा काय उपयोग केला, ते वर आलेच आहे.

मुंबईस परतल्यावर मी माळा उतरवला. बॅटरी पलंगाच्या उशाशी आली. औषधांच्या डब्याची दोरी गेली. घराची कागदपत्रे तीन कुलपांतून एका खणात आली, आणि तो खण सौ.ला दाखवून ठेवला. हे सारे करताना ती दारात उभी राहून पाहत होती. आपले ते नेहमीचे वाक्य ती बोलली नाही. तिने फक्त स्टूल धरले.

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा गावी गेलो. चिरंजीव होडी घेऊन निघणार हे मला ठाऊक होते आणि या वेळी नांगर तो स्वतःकडेच ठेवील हेही मी गृहीत धरले होते. मी फराळाचा डबा उचलून मुकाट्याने मागल्या बाकावर बसलो. त्याने इंजिन पाहिले, पेट्रोल पाहिले, मुलाच्या जाकिटाचे बंद आवळले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला,

"बाबा, तुम्ही मागे कशाला? नांगराचं तुम्ही बघायचं ना?"

मी पुढे जाऊन बसलो. दोराचे टोक बांधलेले आहे की नाही, ते हाताने चाचपून पाहिले. मग पुन्हा एकदा पाहिले.