नाना, तंबू आणि रावेरखेडी

डिसेंबरच्या सुट्टीत आमच्या घरी दरवर्षी एकच वाद होतो. मुलांना तंबू ठोकून राहायचं असतं आणि मला स्वच्छ बाथरूम हवं असतं. यंदा मध्येच सासरे, म्हणजे आमचे नाना, म्हणाले, "मला रावेरखेडीला न्या. अठ्ठ्याहत्तर वर्षं इंदूरात काढली, पण बाजीरावांची समाधी पाहिली नाही. इथून दोन-अडीच तासांची वाट!" त्यानंतर कोण वाद घालणार? तीन दिवस, दोन मुक्काम, गाडीच्या टपावर तंबू, आणि नानांसाठी घडीची खुर्ची.

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. धारला फक्त चहापुरते थांबलो, पण तेवढ्यात नानांनी किल्ल्याकडे बोट दाखवून सांगितलं, की राघोबादादांनी गरोदर आनंदीबाईंना इथे ठेवलं होतं आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली याच किल्ल्यात झाला. "म्हणजे एक बाजीराव इथे जन्मला आणि एक तिकडे वारला?" थोरलीनं विचारलं. ही सहल बाजीरावांचीच होणार, हे तिथेच ठरलं.

मांडूला मुलं सगळ्यात जास्त रमली ती गोरखचिंचेपाशी. महाल वगैरे नंतर! एवढं जाड खोड आणि त्यावर एवढ्याशा फांद्या, जणू झाड उलटं रोवलंय. रस्त्याकडेला या झाडाची फळं विकायला असतात, 'मांडू की इमली' म्हणून. आतला गर आंबट आणि पिठूळ. धाकट्यानं तो तोंडात टाकून असं काही तोंड केलं, की विकणारी बाईही हसायला लागली. जहाज महाल एका बाजूला मुंज तलाव आणि दुसऱ्या बाजूला कपूर तलाव यांच्यामध्ये उभा आहे. लांबी साधारण १२० मीटर. मुलांनी ती पावलांनी मोजली आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी आली. रूपमती मंडपाच्या पायऱ्या काही नानांच्या गुडघ्यांना झेपल्या नाहीत. हवा स्वच्छ असेल तर वरून नर्मदा दिसते, पण आम्हाला धुक्याशिवाय काही दिसलं नाही. मुलं हिरमुसून खाली आली. नाना म्हणाले, "उद्या तिच्याच काठी जेवायचंय ना?"

पहिला तंबू एका लॉजच्या अंगणात, मालकाला विचारून ठोकला. गादीत हवा भरायचा पंप घरीच राहिला होता. रात्रभर दव पडलं आणि पहाटे तंबू आतूनसुद्धा ओला. नाना मात्र लॉजच्या खोलीत दोन रजया घेऊन झोपले होते आणि सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं "झोप छान लागली" म्हणाले.

महेश्वरबद्दल इंदूरकरांना मी काय सांगणार? पण मुलांबरोबर गेलात तर राजवाड्यात जरा रेंगाळा. अहिल्याबाईंची गादी इतकी साधी आहे, की धाकट्याला ती खरी वाटेना. १७६७ पासून १७९५ मध्ये जाईपर्यंत त्यांनी इथूनच राज्य चालवलं. खाली घाटावर थोरलीला मी माझ्या साडीचा काठ दाखवला आणि मग किल्ल्याच्या भिंतींवरची, पायऱ्यांवरची नक्षी. लाट, चटई, वीट, सगळं तेच. तिनं अर्धा तास फोटो काढले. आईच्या साडीकडे इतका वेळ पाहण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी.

दुसरा मुक्काम नदीकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे होता. मुलांना पात्रातल्या खडकांजवळच तंबू हवा होता. त्यानं साफ नकार दिला. वरच्या अंगाला इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणं आहेत, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी चढते. मुलं रुसली, मलाही वाटलं की जरा जास्तच काळजी करतोय. सकाळी पाहिलं तर संध्याकाळी आम्ही ज्या दगडांवर बसून शेव खाल्ली होती, ते पाण्याखाली होते. कुणी काही बोललं नाही. धाकटा जाऊन नानांच्या खुर्चीला टेकून बसला.

तिसऱ्या दिवशी नर्मदा ओलांडून दक्षिण तीरानं निघालो. निमाडात या दिवसांत शेतंच्या शेतं वाळत घातलेल्या मिरचीनं लाल झालेली असतात. बेडियाच्या मिरची मंडीजवळून जाताना काचा बंद असूनही गाडीतले पाचही जण शिंकत होते.

रावेरखेडीला गर्दी नव्हती. शिंद्यांनी बांधलेली ही समाधी. भोवती धर्मशाळेसारखी तटबंदी, मध्ये चौक, बाहेर नर्मदा. नासिरजंगाशी तह होऊन मिळालेल्या हंडिया-खरगोणच्या मुलखात बाजीराव आले होते. एप्रिलचं ऊन, त्यात ताप आला आणि २८ एप्रिल १७४० ला इथेच संपले. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. चप्पल काढून उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

धाकटा नानांशी नेहमी हिंदीतच बोलतो, शाळेची सवय. आज मात्र त्यानं अडखळत मराठीत विचारलं, "नाना, ते किती वर्षांचे होते?"

"तूच काढ. जन्म १८ ऑगस्ट १७००."

"चाळीस!"

"ऑगस्ट आला होता का?"

त्यानं बोटं मोजली. "एकोणचाळीस." मग बाबाकडे वळून म्हणाला, "बाबा, तुझ्यापेक्षा लहान होते." हे एक्केचाळीस वर्षांचे. ते नुसतं "हो रे" म्हणाले आणि नदीकडे बघत राहिले. नाना आता खुर्चीवर बसले, आणि मग पालखेडपासून दिल्लीच्या स्वारीपर्यंत तासभर दोघांना ऐकवलं. थोरलीनं मध्ये एकदाही फोन काढला नाही, आणि सिनेमाचं नावही घेतलं नाही.

परत येताना सनावद, मोरटक्क्याचा पूल, बडवाह, मग सिमरोलचा घाट. अंधार पडायच्या आत घाट चढा, ट्रक फार असतात. रावेरखेडीला जाणार असाल तर पाणी आणि डबा बरोबर न्या, आणि घरातलं एखादं म्हातारं माणूसही. पंप विसरू नका.