थोरली

आमच्या घरात घोंगडीला नावानं बोलावतात. ‘थोरलीला खाली काढ’, ‘थोरलीला ऊन दाखवलं का?’ असं. रंगानं काळी, पण उजेडात धरली तर मधूनमधून करडा, तांबूस धागा दिसतो. तिला रंग कधी दिलाच नाही. मेंढीच्या अंगावर होती तीच लोकर तिच्या अंगावर आहे. दोन्ही टोकांच्या दशा एकमेकींत गुंतून बसल्यात. एका कोपऱ्यात चुलीतली ठिणगी पडून झालेलं भोक आहे आणि ते तेवढंच राहिलंय, कारण लोकर भडकत नाही, जळल्या जागी काळी पडून विझते. माझी आई लग्न होऊन जत तालुक्यातून साताऱ्याला आली तेव्हा ट्रंकेच्या तळाशी थोरली होती. आईबरोबर आलेली भांडी मोडीत गेली, साड्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्याही विरल्या. थोरली आहे.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि इकडे साताऱ्यातलं माण-खटाव, हे सगळं एकाच जातीचं कोरडं रान. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. पिकानं दगा दिला तरी इथे मेंढरं साथ देतात. जतच्या माडग्याळ गावानं तर मेंढीच्या एका जातीला स्वतःचं नाव दिलंय, पण ती बाकदार नाकाची उंच मेंढी मांसासाठी पाळतात. थोरलीची लोकर दख्खनी मेंढीची, आखूड आणि भरड. मेंढरं धुवायची, कातरायची, लोकर पिंजायची, धनगरांच्या बायकांनी सूत कातायचं आणि मग ते सणगरांच्या मागावर चढायचं. सुताला चिंचोक्याची खळ पाजतात. त्यामुळे नवी घोंगडी फळकुटासारखी ताठ असते. डोक्यावर खोळ करून घेतली की पाऊस वरच्या वर ओघळतो. पुढे वर्षानुवर्षं अंगाखाली, अंगावर वागून ती खळ जाते आणि घोंगडी माणसाळते. कोकराच्या पहिल्या कातरणीची ती जावळाची घोंगडी, मऊ आणि महाग. थोरली त्या घराण्यातली नव्हे. ती राबणाऱ्यांची. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावर फोटोत जी दिसते, ती हिच्या गोताची.

थोरलीचा स्वभाव कडक. ती टोचते. पावसाळ्यात तिला मेंढरांचा वास येतो आणि तो दोन-दोन दिवस खोलीत राहतो. साबण तिला चालत नाही. तिला लागतं चैत्रातलं कडक ऊन आणि घडीत कडुनिंबाचा वाळका पाला. हे चुकलं की कसर लागते. लाडीगोडीनं वागणारी वस्तू नव्हे ती. तरीही माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या आधी थोरली माझ्याजवळ आली. आईनंच आणून दिली. तिच्या माहेरी पित्त उठलं की घोंगडी पांघरायची आणि आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं, हे ठरलेलं.

ज्यांना हे कधी झालं नाही त्यांना वाटतं, खाज आहे, खाजवलं की झालं. माझं दिवेलागणीला सुरू होतं. परकराची नाडी बसते तिथे, ब्लाउजच्या कडेला, पिशवीचा बंद रुतलेल्या तळव्यावर आधी चुरचुर होते आणि बघता बघता गांधी उठतात. कडेला लाल, मध्ये फिकट, हाताला गरम. एक पसरते, दुसरी तिला येऊन मिळते, आणि पाठ कुणाची तरी उसनी आणल्यागत परकी होते. कधी डोळ्याची पापणी सुजते, कधी ओठ. रात्री दोननंतर कुठे डोळा लागतो. सकाळी उठावं तर कातडी स्वच्छ, जणू काही झालंच नव्हतं. दवाखान्यात दाखवायला काहीच उरत नाही. एकेक गांधी चोवीस तासांच्या आत विरून जाते, मागे डाग ठेवत नाही, ही या आजाराची ओळखच आहे; पण आजारी माणसाला त्यामुळे खोटं पडल्यासारखं होतं.

मग प्रश्न सुरू होतात. ‘काय खाल्लंस?’ हा पहिला, मधला आणि शेवटचा प्रश्न. सासूबाई विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात, सांगलीहून फोनवर मामी विचारते, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. वांगं खाल्लं असशील. शेंगदाण्याचं कूट बंद कर. हरभऱ्याची डाळ, अंडी, इडली, मासे, तीळ. तासगावची द्राक्षं आली घरात? त्यावर फवारणी असते. मग जेवायच्या ताटातून एकेक पदार्थ उठून जातो. साताऱ्याच्या घरात शेंगदाण्याचं कूट नसलेली भाजी म्हणजे काय, हे इथलं माणूसच जाणे. शेवटी भात आणि मुगाचं वरण एवढ्यावर आलेली बाई रात्री तशीच खाजवत बसते, आणि तरी कुणीतरी म्हणतं, ‘चोरून काहीतरी खाल्लं असणार.’ प्रत्येक घास संशयाखाली गिळायचा. माझ्या मते या आजारातलं सर्वांत मोठं दुःख खाजेचं नाही, या उलटतपासणीचं आहे.

थोरली काही विचारत नाही. ती आली की अंगावर पडते आणि आपलं वजन देते. बाकी सगळे कारण शोधत असतात, ती फक्त सोबत असते. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. सहा आठवड्यांहून जास्त दिवस पित्त उठत राहिलं की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतं, आणि अशा जुनाट पित्ताला बहुतेक वेळा ताटातलं कारण नसतंच. कातडीखाली मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिक या जर्मन वैज्ञानिकानं १८७८ साली, विद्यार्थी असतानाच, आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. या पेशींच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या असतात. पुडी फुटली की बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपतं, कातडी फुगते, खाज सुटते. पुड्या का फुटतात? बऱ्याच जणांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींना डिवचत असते. थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची यांच्याशी पुष्कळदा जोडी आढळते, म्हणून डॉक्टर ती तपासणी सांगतात. ताप, जागरण, घट्ट कपडे, मनाचा ताण यांनी जोर वाढतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींचं पित्त भडकतं. पण मूळ आत आहे. वांग्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही.

थोरलीला मी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. तिच्या पांघरण्यानं गांधी उठायच्या थांबत नाहीत. तिचं टोचणं मात्र कामाचं आहे: भरड लोकरीची टोच मज्जारज्जूपर्यंत पोचली की खाजेचा निरोप थोडा मागे रेटला जातो. नखांनी खाजवून तेच साधतं, पण नखं कातडी सोलतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषते आणि शोषताना ऊब सोडते, म्हणून साताऱ्याच्या दमट पावसाळी रात्रीही ती गार पडत नाही. हे तिचं बळ. आणि तिचा दोषही तोच. ज्यांची कातडी नुसत्या ओरखड्यानं, दाबानं फुगते, त्यांना उघड्या अंगावर घोंगडी म्हणजे नवी पीडा. उन्हाळ्यात, घामात ती घेऊ नये. मी तिच्या आणि माझ्या मध्ये जुन्या धोतराचा पातळ पदर ठेवते. मग तिचं वजन मिळतं, टोच निम्मी होते.

तिच्या जोडीला बाकीची मंडळीही घरात आली. आमसुलं कुंभार्ली घाटातून चिपळूणकडून कराडच्या बाजारात येतात. त्यांचं गार आंबट पाणी चोळलं की घटकाभर आग थांबते. काव लावून पाहिली, तिचे डाग अजून उशीवर आहेत. सांगलीच्या मामानं हरिद्राखंड आणून दिलं. हळदीच्या गावचा माणूस, दुसरं काय आणणार. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरिपूरला जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवायचे. २००५च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवं गेली. हरिद्राखंडाची चव छान असते. मामानं तेवढ्या मायेनं आणलेलं, मी संपवलं. त्यानं माझ्या गांधी गेल्या असं मी म्हणणार नाही.

आराम मिळाला तो मिरजेला. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे दवाखाना सुरू केला तेव्हापासून आमच्या दोन्ही जिल्ह्यांत ‘मिरजेला नेलं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवरचे रात्रीचे फोटो शांतपणे पाहिले आणि एका वाक्यात माझी वर्षानुवर्षांची घालमेल मिटवली: ‘गोळी गांधी उठल्यावर घ्यायची नाही, रोज घ्यायची.’ हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधांच्या शोधासाठी डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं. आताच्या गोळ्या त्यांच्याच वंशातल्या, फक्त झोप कमी आणणाऱ्या. एकीनं भागलं नाही तर डॉक्टर हळूहळू चौपटीपर्यंत मात्रा वाढवतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. तेवढ्यानंही न हटणाऱ्यांसाठी २०१४ पासून ओमालिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, चार आठवड्यांनी एकदा. खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दोन दिवसांत चमत्कार दाखवतात, आणि म्हणूनच त्या महिनोन्‌महिने मेडिकलमधून परस्पर आणून खाणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. बाईंनी आणखी एक सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय: जीभ सुजली, श्वास अडला, चक्कर आली, तर घोंगडी नाही आणि आमसूल नाही, सरळ गाडी काढायची.

बहुतेकांचं हे दुखणं काही वर्षांत आपलं आपण निघून जातं. माझं अजून आहे. पण रात्री झोप लागते, कूट घातलेली भाजी मी पोटभर खाते, आणि थोरली खाटेच्या पायथ्याशी घडी घालून असते. रोज लागत नाही; हिवाळ्यात आणि मन उसवलं असेल तेव्हा लागते.

गेल्या थंडीत ती पहिल्यांदा घराबाहेर गेली. गल्लीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे शाहू स्टेडियमवर पळायला जातो. परतल्यावर त्याचं तोंड आणि हात गांधींनी भरायचे. मेडिकलमध्ये बाद करतील या भीतीनं घरी सांगेना. लांब बाह्या ओढून बसायचा. त्याच्या आईला कळलं तेव्हा तिनं त्याची अंडी, शेंगदाणे आणि दूध एकदम बंद केलं. सहा फुटी पोर, गालफडं बसली. मी त्याला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्याच्या हातावर पाच मिनिटं बर्फ ठेवला, काढला, आणि थोड्या वेळात तिथे बर्फाच्या खड्याएवढी गांधी उठली. थंडीचं पित्त. त्याला रोजची गोळी दिली आणि विहिरीत, नदीत उडी मारायची नाही अशी सक्त ताकीद दिली, कारण गार पाण्यात सगळं अंग एकदम बुडलं की अशा माणसाची शुद्ध हरपू शकते. आमच्याकडची पोरं माहुलीच्या संगमावर वाढलेली. त्याला हीच गोष्ट सगळ्यांत जड गेली.

संध्याकाळी तो घोंगडी न्यायला आला. पळून आल्याबरोबर गुंडाळून बसायला मला याहून बरं काही सुचलं नव्हतं, आणि थंडीचं पित्त हे तर थोरलीचं हक्काचं काम. दारातच उभा राहून त्यानं विचारलं,

“काकू, आता काय काय बंद करू?”

“विहीर आणि बर्फाचा गोळा. तेवढंच.”

“आणि अंडी?”

“अंडी उद्यापासून सुरू कर. आईशी मी बोलते. आतून पातळ चादर घे, ही टोचते. आणि होळी झाली की परत आणून दे, चैत्राचं ऊन दाखवायचं असतं तिला.”

त्यानं थोरली खांद्यावर टाकली, वासानं नाक जरा मुरडलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी घ्यायला वळला.