दवंडी की चावडी?

तर मंडळी, गोष्ट आहे गेल्या वर्षीच्या भांडणाची.

आम्ही चाळीसेक जण. निम्मे कोल्हापुरात, बाकीचे पुण्यात नाहीतर बंगळुरात. हापिसातलं काम संपल्यावर (आणि खरं सांगायचं तर कधीकधी हापिसातच ;-)) गावोगावच्या दूध संस्थांसाठी एक छोटंसं फुकट सॉफ्टवेअर चालवतो. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आलेल्याचं लिटर, फॅट आणि एसएनएफ टाकायचं, दरपत्रकातून दर उचलायचा, दहा दिवसांनी बिल काढायचं. बास. रॉकेट सायन्स नाही.

भांडण प्रोग्रामवरून नव्हतंच. आपसात बोलायचं कुठं, यावरून होतं. एक पार्टी म्हणे मेलिंग लिस्ट. एकानं लिहिलं की सगळ्यांच्या घरात जाऊन पडणार. दुसरी पार्टी म्हणे फोरम, म्हणजे सरळ एक कट्टा. ज्याला बोलायचंय त्यानं तिथं यावं, विषयवार बसावं, जुनं काही हवं असेल तर शोधावं.

मी कट्टेवाला. माझे मुद्दे तयारच होते. मेलवर एकानं "थँक्स" लिहिलं की चाळीस जणांचे मोबाईल वाजतात. नव्यानं आलेल्याला आधी काय बोलणं झालं ते दिसत नाही. तोच प्रश्न दर महिन्याला नव्यानं येतो, आणि उत्तर देणारा एक दिवस वैतागून गप्प होतो. समोरचे म्हणाले, लिनक्सचं कर्नल आजही मेलवरच चालतं. कोडमधला बदल मेलनं येतो, त्यावर ओळीओळीला उत्तरं पडतात, दिवसाला शेकड्यानं मेल. मी म्हटलं, पायथॉनवाल्यांनीसुद्धा २०२२ मध्ये आपली मुख्य चर्चा मेलवरून उचलून कट्ट्यावर नेली, त्याचं काय? मतदान झालं. आम्ही जिंकलो. मी त्या रात्री मिसळ खाल्ली (रात्री मिसळ खाऊ नये, पण जिंकल्यावर चालते).

कट्टा झकास चालला. चार महिन्यांत जुन्या प्रश्नांची उत्तरं एका जागी आली, नवी पोरं स्वतःच शोधून वाचायला लागली. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग तो बग सापडला.

आमच्या एका कोष्टकात म्हशीच्या दुधाचे दर ६.० फॅटपासून सुरू होतात आणि ०.१ च्या पायरीनं वर जातात. कितवी पायरी हे काढायला कुणीतरी (म्हणजे मीच) फॅटमधून ६.० वजा करून ०.१ नं भागलं होतं आणि अपूर्णांक उडवला होता. आता ६.६ वजा ६.०, भागिले ०.१ म्हणजे सहा, हे तुम्हाला-मला कळतं. पण कंप्युटर दशांश ठेवतो बायनरीत, आणि ६.६ त्याला तंतोतंत लिहिताच येत नाही. त्याचं उत्तर आलं पाच पूर्णांक नऊ नऊ नऊ नऊ आणि शेपूट. अपूर्णांक उडवला, राहिले पाच. ६.६ च्या दुधाला ६.५ चा दर!

आमच्यातल्या एकानं हे पकडलं, त्याच दिवशी दुरुस्ती टाकली, कट्ट्यावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लावलं. चोवीस जणांनी "भारी" म्हणून दाद दिली. विषय संपला.

वीस दिवसांनी पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. काकूच्या दोन म्हशी. चहाचा कप हातात देता देता ती म्हणाली, "लेकरा, तुझ्या कंप्युटरानं माझं फॅट खाल्लं की रं."

तिच्याकडं वही होती. दूध घालताना मशीनवर दिसलेलं फॅट ती रोज लिहून ठेवते. दोन बिलं मिळून ऐंशीएक रुपये कमी. आणि ती एकटी नव्हती. संस्थेच्या सेक्रेटरी काकांना विचारलं, "कट्ट्यावर लावलं होतं की, तुम्ही बघितलं नाही?" ते म्हणाले, "पहाटे पाचला संस्था उघडतो. तुमच्या कट्ट्यावर कवा येऊ, सांग." मेल ते बघतात. दिवसातून एकदा, पण बघतात.

रात्री जेवताना हे सगळं आण्णांना सांगितलं. कट्टा, मेल, मतदान. आण्णा म्हणाले, "म्हंजे चावडी का दवंडी, एवढंच की. आरं, पर चावडीवर बसायला कोण मिळत हुतं, ते बघ की आदी."

यावर मी रात्रभर विचार करत होतो. दवंडी दारादारात जायची. चुलीपाशी बसलेल्या बाईलाही ऐकू यायची. चावडीवर मात्र ठराविक माणसं बसायची, आणि त्यात बायका नव्हत्या. दवंडी देणं हे बऱ्याच गावांत महार वतनातलं, पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडलेलं काम. म्हणजे जो माणूस बातमी घरोघरी पोचवायचा, त्याला स्वतःला चावडीवर बसायला जागा नव्हती. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही वतनं रद्द केली, ती का, हे शाळेत पाठ केलं होतं. कळलं त्या रात्री. "सगळ्यांना खुलं आहे, या की" असं म्हणणारा बहुतेक वेळा आधीपासून तिथं बसलेला असतो. माझ्यासारखा.

पण म्हणून सगळंच दारात नेऊन टाकावं का? इथं मला ऑगस्ट २०१९ आठवतो. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला. राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, ते कुणाला विचारत नाहीत. आणि आमच्या फोनवर मिनिटाला एक मेसेज. पाणी इतके फूट, तितके फूट. कधीचं, कुणी मोजलेलं, पत्ता नाही. सकाळचा आकडा रात्री फिरत होता. ज्यांच्या गल्लीत पाणी शिरत होतं, त्यांनी यातलं कशावर घर सोडायचं?

जुन्या माणसांचं बरं होतं. शिवाजी पुलाच्या खांबावर पाणी ठराविक जागी टेकलं की "मच्छिंद्री झाली" म्हणायचे. पूल एका जागी, खूण एका जागी, शंका आली तर जाऊन बघा. दारात आलेली बातमी पडताळून बघायला अशी एखादी जागा लागते. ती नसेल तर दवंडीची अफवा व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा आम्ही परत बसलो. या वेळी मतदान नाही, एकच कसोटी लावली. हे कळलं नाही तर कुणाचं नुकसान होईल का? होणार असेल तर दारात जायचं. मेल, चार ओळींचा, तारीख-वेळेसह, खाली कट्ट्यावरच्या चर्चेचा पत्ता. त्या मेलला कुणी उत्तर दिलं तर ते आपोआप कट्ट्यावर लागतं, म्हणजे पहाटे पाचवाल्या काकांनाही बोलता येतं. आणि पैशाचा मामला असेल तर दर संस्थेला फोन. बाकी वाद, कल्पना, "थँक्स" आणि माझे पाचकळ विनोद कट्ट्यावर.

कटकटीचं आहे. फोन करायला कुणालाच आवडत नाही. पहिला नंबर माझा लावलाय, बग माझाच होता ना!

असो. फरकाचे पैसे पुढच्या बिलात सगळ्यांना मिळाले. काकूनं ते वहीत लिहून ठेवलेत. वही बंद करणार का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझं मशीन सुधारलं म्हणतोस, ते खरं असंल. पर वही ऱ्हाऊ दे."

राहू दे.