चिमटा

आजी अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालायची तेव्हा चिमट्यांचा डबा माझ्या हातात असे. एकेक चिमटा देता देता एखादा मी स्वतःच्याच बोटाला लावून घ्यायची. नख पांढरंफटक पडायचं; काढला की गुलाबी रंग सरसर परत यायचा. बोटात रक्त येतं-जातं हे मला पुस्तकाआधी त्या चिमट्यानं दाखवलं.

२०२० साली, करोनाच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका ताई आमच्या चिपळूणजवळच्या घरी आल्या. त्यांच्या पिशवीतून रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर निघाला. आजीच्या बोटाला लावला, तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. “आजी, हात पदरात धरा जरा, गार पडलाय,” ताई म्हणाल्या. दोन मिनिटांनी ९५ उमटले. “म्हणजे पास झाले ना?” आजीनं विचारलं.

पुढं मी मुंबईला बायोमेडिकल इंजिनिअरिंगला आले. ‘म्हणजे डॉक्टर की इंजिनिअर?’ हा प्रश्न नातेवाइकांत अजून सुटलेला नाही. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला ऑक्सिमीटरच घेतला, आणि बोट धरायला होस्टेलच्या दोरीवरचा प्लास्टिकचा चिमटा कामी आला. एका बाजूला दोन एलईडी, समोर फोटोडायोड. लाल प्रकाश ६६० नॅनोमीटरचा, अवरक्त ९४०चा. प्राणवायू घेतलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं, न घेतलेलं लाल. प्रत्येक ठोक्याला जे शोषण कमीजास्त होतं ते धमनीतल्या रक्ताचं. कातडी, हाड, मांस जागच्या जागी. हिशेब एवढाच.

पहिल्याच दिवशी पडद्यावर सुरेख लाट आली. आम्ही टाळ्या पिटल्या. मग कुणीतरी बोटाऐवजी खोडरबर ठेवलं, आणि लाट तशीच! सेकंदाला शंभरदा लुकलुकणारी प्रयोगशाळेची ट्यूबलाइट आमच्या सॅम्पलिंगमध्ये सापडून नाडीसारखी संथ दिसत होती. चिमट्याला काळा फोम चिकटवल्यावर खोडरबर एकदाचं निपचित पडलं.

गंमत म्हणजे ठोक्यांवरून प्राणवायू मोजायची युक्ती ज्यांनी शोधली ते जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागीही नाडीवर वैतागलेलेच होते. त्यांना रंगद्रव्य टोचून हृदयाचं काम मोजायचं होतं आणि नाडीचे ठोके मधेमधे लुडबुडत होते. ती लुडबुडच कामाची आहे हे त्यांनी ओळखलं आणि १९७४ साली जगापुढं मांडलं. ते वारले एप्रिल २०२०मध्ये, जग ऑक्सिमीटर शोधत हिंडत असताना.

माझं मन मात्र अडकलं ते आकड्यात. दोन प्रकाशांच्या गुणोत्तरावरून ९५ हा आकडा थेट निघत नाही. निरोगी माणसांना कमी प्राणवायूची हवा देऊन, रक्त तपासून तक्ता बनवतात आणि यंत्र त्यात बघून सांगतं. म्हणजे आजीला पास करणारी ती बोटं दुसऱ्याच कुणाची. बहुतेक गोरी. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की यंत्र ठीक म्हणत असताना प्राणवायू प्रत्यक्षात घसरलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं.

कॉलेजच्या फेस्टिव्हलात आम्ही हा चिमटा स्टॉलवर मांडला. मेसचे काका, वॉचमन, भांडी घासणाऱ्या मावशी, सगळ्यांनी बोटं पुढं केली. मावशींचं बोट पाण्यानं सुरकुतलेलं, गार. पुन्हा त्याच रेघा. मी हौसेनं वहीत आकडे टिपत होते. सरांनी वही मिटली. “नीतिसमितीची परवानगी कुठंय? स्टॉल म्हणजे संशोधन नव्हे.” राग आला, पण बरोबर तेच होते. मग अर्ज आला, हेलपाटे आले. संमतीपत्र इंग्रजीत होतं, त्याचं मराठी मी केलं. ‘स्वयंसेवक’ वाचून मावशी म्हणाल्या, “सरळ ‘बोट देणारी बाई’ लिही की.” तसं लिहिता आलं नाही.

तुमच्या घरच्या ड्रॉवरमध्ये करोनाकाळातला ऑक्सिमीटर पडलेला असेलच. लावण्याआधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिरावू द्या. आणि दम लागत असेल तर तो ९७ म्हणाला तरी डॉक्टरांकडे जा.