सई माझ्याकडे राहणार नाही

मुनिरका, नवी दिल्ली
20 जून 2025

ती. दादा,


तू पाठवलेली यादी मिळाली. पाच कॉलेजं, प्रत्येकासमोर क्रमांक, आणि खाली प्रश्न : ‘यातलं सगळ्यात चांगलं कोणतं ते एका ओळीत कळव.’ एका ओळीचं काम असतं तर फोनवरच उरकलं असतं. त्यापुढे तू परस्पर एक ठरवूनही टाकलंयस, की कॉलेज कुठलंही मिळो, सई राहील आत्याकडे. त्याबद्दल शेवटी बोलते.

रँकिंगच्या यादीत जे लिहिलेलं नसतं ते आधी सांगते. स्टीफन्स, हिंदू, मिरांडा हाउस, रामजस, लेडी श्रीराम ही पाचही दिल्ली विद्यापीठाची कॉलेजं. इतिहास ऑनर्सचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, पेपर विद्यापीठ काढतं, पदवीही विद्यापीठच देतं. स्टीफन्सच्या मुलांना निराळा अशोक शिकवत नाहीत. तरी लोक एकासाठी नवस बोलतात आणि शेजारच्याला नाक मुरडतात. फरक मग दोनच गोष्टींत उरतो : आत कोण येतं आणि तास सुटल्यावर तिथं काय चालतं.

पहिली गोष्ट लातूरकराला समजावायला नको. वाघमारे सरांच्या शाहू कॉलेजात शिक्षकांनी घाम गाळला हे खरंच. पण एकदा गुणवत्ता यादीत नावं झळकली, की साऱ्या मराठवाड्यातली हुशार पोरं तिकडेच धावली आणि पुढच्या याद्या आपोआप भरू लागल्या. दिल्लीत हेच कटऑफनं केलं. 2011 साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सनं बारावीला कॉमर्स नसलेल्यांसाठी 100 टक्क्यांचा कटऑफ लावला, तेव्हा देशभर हसू झालं. 2021 मध्ये अनेक कॉलेजांनी शंभराचा आकडा लावला आणि कोणी हसलं नाही. 2022 पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली, बारावीच्या टक्क्यांचा दरारा संपला, पण कॉलेजांची उतरंड फारशी हलली नाही. नाव एकदा झालं की बरीच वर्षं पुरतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची, आणि ती प्रत्येक कॉलेजात वेगळी आहे.

स्टीफन्स 1881 चं, केंब्रिजच्या मिशनऱ्यांनी काढलेलं. आधी काश्मिरी गेटला होतं, 1941 पासून आताच्या लाल विटांच्या इमारतीत. तिथं वसतिगृहाला वसतिगृह म्हणत नाहीत, ‘रेझिडन्स’ म्हणतात. कॉलेज लहान, त्यामुळे शिक्षक नावानिशी ओळखतात. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात सामीलही होत नाही. अधिकारी, मंत्री, लेखक यांची मोठी परंपरा आहे आणि ती परंपरा इंग्रजीत गप्पा मारते. निम्म्या जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे सईसाठी दार मुळात अर्धंच उघडं.

रस्ता ओलांडला की हिंदू, 1899 चं. मिशनऱ्यांच्या कॉलेजासमोर देशी लोकांनी उभं केलेलं, आणि ती ईर्ष्या अजून मावळलेली नाही. विद्यार्थ्यांची स्वतःची ‘संसद’ आहे, तिचा पंतप्रधान मुलं मतदानानं निवडतात. निवडणुकीच्या दिवसांत ढोल, घोषणा, कागदांचा खच. मिरांडा हाउस 1948 चं, सर मॉरिस ग्वायर कुलगुरू असताना त्यांनी काढलेलं मुलींचं कॉलेज. सरकारी क्रमवारीत 2017 ते 2023 सलग पहिलं; 2024 मध्ये हिंदूनं ती जागा घेतली. म्हणून एका वर्षात मिरांडात शिकवणं बिघडलं असं थोडंच आहे! लेडी श्रीराम 1956 चं, तेही मुलींचं, पण लाजपत नगरला. नॉर्थ कॅम्पसपासून दूर, स्वतःत रमलेलं, टापटीप. तिथल्या मुली बोलायला उभ्या राहिल्या की दक्षिण दिल्लीतल्या शाळांचा आत्मविश्वास ऐकू येतो.

आता सईच्या बाजूनं बघ. पोरगी मराठी माध्यमातली. वाचन दांडगं, इंग्रजी लिहिते चांगलं, बोलताना अडखळते. दिल्लीच्या कॉलेजांत खरं शिक्षण सोसायट्यांमधून होतं : वादविवाद, नाटक, सिनेमा, संगीत. नवी बॅच आली की ऑडिशन होतात. एकदा आत घेतलं की तीन-चार वर्षं तेच घर. नाही घेतलं, तर तुम्ही फक्त हजेरीपुरते. इंग्रजी वादविवादात सईचा टिकाव लागायला वेळ लागेल. पण ती शाळेपासून एकांकिका करते, आणि इथली पथनाट्यं हिंदीत होतात. मिरांडाची ‘अनुकृती’, हिंदूची ‘इब्तिदा’, किरोडीमलची ‘द प्लेयर्स’ ही मंडळी घसा फुटेस्तोवर तालमी करतात. तिचं हिंदी लातूरचं असलं तरी आवाज खणखणीत आहे. आपल्या पोरीला शिरता येईल असं दार कुठे आहे, हे यादी सांगत नाही.

या तालमी चालतात संध्याकाळी. बाहेरगावच्या बहुतेक मुलींना वसतिगृह मिळत नाही. त्या कमला नगर, विजय नगरमध्ये पीजीत राहतात, आणि जिथं मिळतं तिथं दाराला वेळेचं कुलूप असतं. 2015 मध्ये दिल्लीतल्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत आंदोलन केलं ते याच कुलपांविरुद्ध. मुलगा ग्रंथालयात रात्री बसू शकतो आणि मुलीनं आठला आत यायचं, मग दोघांचं कॉलेज एकच कसं म्हणायचं?

माझ्या घरापलीकडे जेएनयू आहे. 2016 च्या घोषणांच्या वादापासून टीव्हीवर ते नाव आलं की तू चॅनल बदलतोस, ठाऊक आहे मला. पदवीला तिथं मुख्यतः परकीय भाषाच शिकवतात, म्हणून सईच्या उपयोगाचं नाही. तरी सांगते, कारण वसतिगृहानं कॉलेज कसं घडतं ते तिथं दिसतं. वसतिगृहांना नद्यांची नावं : गोदावरी, कोयना, तापी, चंद्रभागा. मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना प्रवेशात जादा गुण देण्याची पद्धत त्यांनी बरीच वर्षं चालवली. अशी मुलं एकाच मेसमध्ये जेवली आणि जेवणानंतर तिथंच सभा भरल्या. विद्यार्थी संघाची निवडणूकही मुलंच घेतात. त्या विद्यापीठाचा दबदबा आणि बदनामी, दोन्ही त्या मेसच्या टेबलांवरच शिजली.

तू सोनीपतच्या अशोका विद्यापीठाचंही विचारलंस. ते 2014 चं, अमेरिकेतल्या लहान निवासी कॉलेजांच्या धर्तीवरचं. अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा, सगळी मुलं कॅम्पसवरच, इतिहासाबरोबर गणितही घेता येतं. राहणं-जेवण धरून खर्च वर्षाला दहा लाखांच्या पुढे. गरजूंना सवलत देतात, अर्ज करायला हरकत नाही. मात्र 2021 मध्ये सरकारवर टीका करणाऱ्या प्राध्यापक प्रताप भानू मेहतांना तिथून राजीनामा द्यावा लागला, तेव्हा देणगीदारांच्या पैशावरच्या मोकळेपणाची हद्द सगळ्यांना दिसली.

तुझ्या यादीत पुण्याचं फर्ग्युसन नाही. जवळचं म्हणून? 1885 चं कॉलेज, आता स्वायत्त, मागे टेकडी, आणि पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी मराठीत! ‘मुलगी दिल्लीला आहे’ असं चारचौघांत सांगता येणार नाही, एवढाच तोटा.

पसंतीक्रम भरताना मिरांडा पहिलं टाका, हिंदू दुसरं, रामजस तिसरं. मिरांडा मुलींचं असलं तरी नॉर्थ कॅम्पसमध्ये आहे, शेजारच्या कॉलेजांतलं सगळं पायी गाठता येतं. या तिन्हींत नाही लागलं, तर केवळ दिल्ली म्हणून चौथं-पाचवं घेऊ नका. सरळ पुण्याला पाठवा.

आणि राहण्याचं. मुनिरकाहून मेट्रोनं हौज खासला गाडी बदलून विश्वविद्यालयला जाता येतं, तेवढं सोपं आहे. पण मग संध्याकाळ झाली की ती घड्याळ बघणार, मी दारात उभी राहणार, आणि तालमीतून सगळ्यांत आधी उठणारी मुलगी म्हणून ती ओळखली जाणार. तिचं अर्धं शिक्षण मी माझ्या काळजीपोटी कापून टाकू का? पहिला आठवडा माझ्याकडे, रविवारी जेवायला माझ्याकडे, आजारी पडली तर हक्कानं माझ्याकडे. एरवी ती कॅम्पसजवळच्या पीजीत राहील. खोली मी स्वतः बघेन, भाड्यातला निम्मा भारही उचलेन. वहिनीचा होकार मिळव; तुझा मी गृहीत धरला आहे.

तुझी,
मंगल